सहा खिडक्या, दोन प्रकारच्या गळत्या: मांडवीतील एका केबिन बोटीचे रबरी सील बदलण्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण गोव्यातील मांडवी नदीत चालणाऱ्या ११ मीटर लांबीच्या एका केबिन बोटीचे आहे. बोट फायबरची, १८ वर्षे जुनी आणि एका कुटुंबाच्या मालकीची आहे. ऑक्टोबर ते मे या काळात ती लहान गटांना घेऊन दिवाडी, चोडण या बाजूंना आणि वारा बरा असेल तेव्हा आग्वादपर्यंत जाते. मालक आणि तांडेल (बोट चालवणारा प्रमुख खलाशी) यांची ओळख पटू नये म्हणून काही बारीक गोष्टी बदलल्या आहेत. कामाचा क्रम, मापे आणि चुका मात्र होत्या तशाच ठेवल्या आहेत. माझा व्यवसाय बोटींच्या फायबरकामाचा आणि फिटिंगचा आहे. या कामात मी मे महिन्यात आलो, आणि पुढे ज्या निर्णयांत दोष दाखवला आहे त्यांतील दोन माझे स्वतःचे आहेत.

केबिनच्या प्रत्येक बाजूस तीन, अशा सहा उघडणाऱ्या लंबगोल खिडक्या आहेत. बोटीवर त्यांना पोर्टहोल म्हणतात, मी येथे खिडकी हाच शब्द वापरला आहे. प्रत्येक खिडकीला भिंतीत आरपार स्क्रूंनी बसवलेली ॲल्युमिनियमची चौकट असून तिच्या वरच्या कडेला बिजागरीवर आतल्या बाजूस उघडणारी झडप आहे. झडपेत १० मिलिमीटर जाडीचे ॲक्रिलिक (काचेसारखे पारदर्शक प्लास्टिक) आणि चौकटीच्या खाचेत रबर बसवलेले आहे. झडप लावून खालचे दोन नॉब आवळले की झडपेची कड रबरात रुतते आणि पाणी अडते. चौकटीच्या खालच्या बाहेरच्या ओठावर साचलेले पाणी वाहून जावे म्हणून दोन्ही टोकांना एकेक बारीक खाचही ठेवलेली आहे. केबिनची भिंत अखंड फायबरची नाही. दोन पातळ थरांच्या मध्ये १२ मिलिमीटर बाल्सा लाकडाचा गाभा असून तो लहान चौकोनी ठोकळ्यांचा आहे, आणि त्या ठोकळ्यांमध्ये बारीक चिरा आहेत.

म्हणजे प्रत्येक खिडकीत पाणी अडवणाऱ्या जागा दोन आहेत. एक, झडप आणि चौकट यांच्यामधले रबर. दुसरी, चौकट आणि फायबर यांच्यामधला सीलंटचा, म्हणजे फट बुजवणाऱ्या पदार्थाचा, थर. पहिली रोज डोळ्यांसमोर असते. दुसरी बोट बांधली त्या दिवसापासून झाकलेली असते. या प्रकरणातील जवळजवळ प्रत्येक निर्णय या दोन जागांत फरक केला की नाही यावर ठरला.

अडचण

गळतीची पहिली तक्रार आदल्या हंगामातली. मालकाने त्या वेळी हार्डवेअरच्या दुकानातले, व्हिनेगरसारखा वास येणारे साधे सिलिकॉन आणून सगळ्या चौकटींच्या बाहेरून त्याची कड ओढून घेतली. दोन महिने बरे गेले आणि मग पुन्हा गाद्या ओल्या व्हायला लागल्या. त्यानंतर तांडेलाने रबर बदलण्याचा प्रयत्न केला. जुने रबर एका बाजूने चपटे होऊन इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचे झाले होते, वाकवले की त्यावर बारीक भेगा उमटत होत्या. त्याने १० मिलिमीटर जाडीची भरीव रबरी दोरी आणून एका खिडकीत बसवली. झडप लागेना, तेव्हा नॉब पक्कडीने आवळले, आणि बिजागरीचा एक कान तडकला. दुसऱ्या दोन खिडक्यांत त्याने चिकट पट्टीचा फोम लावला. तो पहिल्याच आठवड्यात पाणी पिऊन बसला आणि पुन्हा फुगला नाही.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात वळीव झाला. दुसऱ्या दिवशी मालकाने मला बोलावले तेव्हा उजव्या बाजूच्या पुढच्या बाकाची गादी पिळता येईल इतकी ओली होती आणि तिच्यामागच्या प्लायवूडला आंबूस वास येत होता. मालकाचे म्हणणे सरळ होते की चांगले रबर आणून सहाही खिडक्यांना बसवून द्यावे.

मी होकार देण्यापूर्वी तांडेलाशी बोललो, आणि ते बोलणे या कामातले सर्वांत उपयोगी ठरले. मी विचारले, "मामा, पाणी नेमके केव्हा येते?" ते म्हणाले, "आग्वादला तोंडावर लाट मारली की लगेच येते, पुसले की संपते. पण पावसाचे तसे नाही हो. पाऊस लागून तास गेला की सुरू होते, आणि पाऊस थांबला तरी ठिबकत राहते."

गळती नेमकी कुठून, याचा शोध

तांडेलाच्या या दोन वाक्यांत निदानाचा बराच भाग आला होता. लाट आदळल्याबरोबर आत आलेले आणि पुसल्यावर थांबलेले पाणी थेट वाटेने आलेले असते, म्हणजे झडपेच्या कडेने. उशिरा सुरू होणारे आणि पाऊस थांबल्यावरही टिकणारे पाणी आधी कुठेतरी साचते व मग झिरपते. भिंतीत साचायला जागा एकच होती, बाल्साचा गाभा. तसे असेल तर पाणी चौकटीच्या स्क्रूंवाटे गाभ्यात उतरत होते आणि ठोकळ्यांमधल्या चिरांतून सरकत दुसऱ्याच ठिकाणी बाहेर पडत होते. अशा वेळी जगातले उत्तम रबर बसवले तरी पावसाची गळती तशीच राहिली असती.

अंदाजावर काम सुरू करणे मला मान्य नव्हते, म्हणून आम्ही एक पूर्ण दिवस परीक्षेला दिला. आधी खडूची परीक्षा केली. मोठ्या जहाजांवर जलरोधक दारांसाठी ती नेहमी करतात. झडपेच्या कडेला खडू घासायचा, झडप नेहमीच्या ताकदीने लावायची, उघडायची आणि रबरावर उमटलेली रेघ पाहायची. रेघ जिथे तुटते तिथे दाब नाही. सहांपैकी एकाही खिडकीत रेघ अखंड नव्हती. चार खिडक्यांत ती खालच्या कोपऱ्यांत तुटत होती, आणि फोम लावलेल्या दोन खिडक्यांत तर वरची जवळजवळ अर्धी बाजू कोरी होती.

मग पाण्याची परीक्षा. झडपेच्या फटीवर बाहेरून टेप लावून ती वाट बंद केली, आतल्या बाजूस चौकटीभोवती टाल्कम पावडर भुरभुरली आणि रबरी नळीने खालून वर असे, प्रत्येक पट्ट्यावर पाच मिनिटे पाणी सोडले. खालून सुरुवात करायची ती अशासाठी की वरून सोडलेले पाणी खालचे सगळेच भिजवते आणि वाट सापडत नाही. उजवीकडची पुढची आणि मधली अशा दोन खिडक्यांत पावडरीवर ओलाव्याची बोटभर रुंद रेघ उमटली. पुढच्या खिडकीत ती चौकटीच्या कडेला नव्हतीच. तिच्याखाली १५ सेंटिमीटरवर, प्लायवूडच्या एका खिळ्याजवळ होती. त्या चौकटीचा खालचा स्क्रू काढला तेव्हा भोकातून चहाच्या रंगाचे पाणी आले आणि थांबायला बराच वेळ लागला. पेचकसाच्या मुठीने भिंतीवर ठोकत गेलो असता त्या भागात आवाज बद्द येत होता.

बाकीच्या चार चौकटींची हीच परीक्षा पुढे बोट यार्डात ठोकळ्यांवर घेतल्यावर केली, आणि त्या कोरड्या निघाल्या. त्यांच्या बाबतीत मी तिथेच शोध थांबवला. ही पहिली चूक होती, तिच्याकडे पुढे येतो.

समोर असलेले पर्याय

सर्वांत स्वस्त पर्याय म्हणजे बाहेरून आणखी सीलंट भरणे. तो मी लगेच बाजूला ठेवला. सिलिकॉनचा मागे राहणारा अंश असा असतो की त्यावर दुसरे काही नीट चिकटत नाही, आणि त्या वासाच्या सिलिकॉनमधून सुटणारे ॲसिटिक आम्ल ॲल्युमिनियमला खाते. शिवाय आत पाणी साचलेले असताना बाहेरून तोंड बंद केले तर ते पाणी आतच कोंडले जाते.

दुसरा पर्याय मालकाचा, म्हणजे केवळ रबर बदलण्याचा. त्याने लाटेची गळती थांबली असती, पावसाची नाही. तिसरा पर्याय सहाही खिडक्या नव्या आणण्याचा होता. भिंतीतील छिद्राशी तंतोतंत जुळणाऱ्या चौकटी सहज मिळत नाहीत, वेगळ्या मापाच्या आणल्या तर भिंत पुन्हा कापावी लागते, आणि जुन्या चौकटींचे ॲल्युमिनियम स्क्रूंजवळचे थोडे पांढरे पडलेले भाग सोडले तर धड होते. चौथा विचार तांडेलाने मांडला: उजवीकडच्या त्या दोन खिडक्या फायबरने कायमच्या बुजवाव्यात. गोव्याच्या उकाड्यात बंद केबिन प्रवाशांना सहन होत नाही, आणि असा बदल तपासणीच्या वेळी सांगून पटवावा लागला असता. मालकानेही नकार दिला.

उरला तो मधला मार्ग: सहाही खिडक्यांचे रबर बदलायचे आणि ज्या दोन चौकटी गळताना सापडल्या त्या काढून गाभा दुरुस्त करून पुन्हा बसवायच्या. सहाही चौकटी काढाव्यात का, हा प्रश्न तेव्हा निघाला होता. मालकाने माझ्यावर सोडले आणि मी नको म्हणालो. कोरडी असलेली चौकट उगाच हलवली तर चांगला थर मोडतो, हे माझे कारण होते. कारण म्हणून ते चुकीचे नव्हते. चौकट कोरडी आहे हे मी ज्या आधारावर ठरवले तो आधार अपुरा होता.

वेळेचा प्रश्न

बोट किनाऱ्यावर घ्यायची तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती लागते. भांगाच्या भरतीला त्या उतारावर पुरेसे पाणी चढत नाही. पुढचे उधाण चार दिवसांवर होते आणि त्यापुढचे आणखी पंधरवड्याने, म्हणजे पावसाच्या अगदी तोंडावर. गोव्यात मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्यात दाखल होतो आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणाऱ्या पावसातला बहुतेक भाग सप्टेंबरपर्यंतच पडतो. ओला गाभा वाळवायचे आणि इपॉक्सी (मिसळल्यावर कडक होणारी राळ) भरायचे काम त्या हवेत करण्यात अर्थ नव्हता.

मालकाची चार बुकिंग पुढच्या आठवड्यात होती. मे महिन्यातल्या फेऱ्या सोडणे म्हणजे हंगामाच्या शेवटच्या कमाईवर पाणी सोडणे. मी त्यांना काम ऑक्टोबरवर ढकलण्याचा पर्यायही सांगितला: बोट झाकून ठेवायची आणि पावसाळ्यानंतर दुरुस्त करायची. पण गाभ्यात आधीच पाणी होते, आणि झाकलेल्या बोटीत चार महिने ओला राहिलेला बाल्सा ऑक्टोबरपर्यंत आणखी किती कुजेल हे कोणी सांगू शकत नव्हते. मालकाने एक रात्र विचार करून चारही फेऱ्या रद्द केल्या आणि जवळचे उधाण धरले. या साऱ्या प्रकरणातला सर्वांत जड निर्णय तो होता, आणि माझ्या मते सर्वांत बरोबरही. त्यामुळे आम्हाला पाऊस लागण्यापूर्वी तीन आठवड्यांच्या आत-बाहेर कोरडे दिवस मिळाले.

कामाचा क्रमही त्यातूनच ठरला. चौकटी आणि गाभा आधी, रबर नंतर. रबराचे काम ताडपत्रीखाली पावसातही करता येते.

चौकटी आणि गाभा

दोन्ही चौकटींचे स्क्रू काढल्यावरही त्या जागच्या हलल्या नाहीत. पेचकसाने उचकटल्या असत्या तर ॲल्युमिनियम वाकले असते, म्हणून गिटारची जाड तार मागे घालून करवतीसारखी ओढत जुना थर कापला. एकेका चौकटीला दीड तास लागला.

मधल्या खिडकीचा गाभा कडेपुरता, दोन सेंटिमीटर आत एवढाच ओला होता. वाकवलेल्या खिळ्याने तो कोरून काढला. पुढच्या खिडकीखाली मात्र बाल्सा भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा झाला होता, बोटाने दाबला की पाणी सुटत होते. तिथे आतल्या फायबरचा ३० बाय २० सेंटिमीटरचा तुकडा कापून काढला आणि कोरडे, टणक लाकूड लागेपर्यंत सगळे खरवडले. मग पंखा आणि दिवा लावून नऊ दिवस वाळवले. सहाव्या दिवशी हाताला कोरडे लागत होते आणि मदतनीस भरायची घाई करत होता. आम्ही त्यावर रात्रभर पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने बंद करून लावले आणि सकाळी त्याच्या आतल्या बाजूस दव धरलेले दिसले. म्हणून आणखी तीन दिवस थांबलो. ही प्लास्टिकची परीक्षा फुकटची आहे आणि ओलावामापक नसेल तेव्हा मी तिच्यावरच विसंबतो.

कडा सिलिका मिसळून घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरल्या. एकाच वेळी जाड थर भरला तर इपॉक्सी स्वतःच्या उष्णतेने तापून तडकते, म्हणून दोन हप्त्यांत भरले. दमट हवेत पहिल्या थरावर मेणासारखा चिकट पापुद्रा येतो. तो पाण्याने आणि घासणीने धुऊन काढल्याशिवाय दुसरा थर धरत नाही. मोठ्या भागात बाल्साऐवजी पाणी न पिणारा पीव्हीसी फोम घातला आणि त्यावर फायबरचे दोन थर दिले. आता स्क्रूंची भोके इपॉक्सीतून जातात, लाकडातून नाही. उद्या सीलंटने दगा दिला तरी पाणी गाभ्यापर्यंत पोचणार नाही, एवढ्यासाठीच हे सगळे.

चौकट बसवण्यासाठी सीलंट कोणते, यावर मालकाशी चर्चा झाली. पॉलियुरेथेन घट्ट चिकटते, पण पुढे चौकट काढायची वेळ आली तर फायबर सोलून निघते. पॉलिसल्फाइड चांगले, परंतु ते ॲक्रिलिकला लागले तर ॲक्रिलिक खराब होते. आम्ही ब्युटाइल टेप, म्हणजे मऊ, चिकट रबरी पट्टी, निवडली. ती सुकायची वाट पाहावी लागत नाही, दमट हवेची तिला अडचण नाही आणि दहा वर्षांनीही चौकट काढता येते. तिचा एक नियम आहे: एका दमात आवळू नये. पहिल्या दिवशी बेताने, दुसऱ्या दिवशी थोडे, तिसऱ्या दिवशी थोडे, आणि प्रत्येक वेळी कडेने बाहेर आलेली टेप प्लास्टिकच्या पात्याने कापायची. स्क्रूच्या प्रत्येक भोकाचे तोंड किंचित रुंद केले, म्हणजे टेप तिथे दाबली जाऊन स्क्रूभोवती कडे धरते. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील खाऱ्या पाण्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजते, म्हणून स्क्रूंना गंजरोधक पेस्ट लावली.

लाकडी होड्यांवर वाढलेल्या तांडेलाला हा खटाटोप जास्त वाटत होता. त्यांच्या अनुभवाला धरून ते बरोबरही होते. लाकडी होडीच्या फळ्यांमधल्या सांध्यांत वात ठोकली आणि होडी पाण्यात घातली की लाकूड फुगून सांधे आपोआप मिटतात. फायबर फुगत नाही. त्यात राहिलेली फट राहतेच.

रबर

खाच १० मिलिमीटर रुंद आणि ७ मिलिमीटर खोल होती. तांडेलाने आणलेली दोरीही १० मिलिमीटरचीच होती, मग ती का बसली नाही, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. भरीव रबर दाबले की त्याचे आकारमान कमी होत नाही, फक्त आकार बदलतो. एका बाजूने दाबले तर ते दुसऱ्या बाजूने फुगायला जागा मागते. खाच दोन्ही कडांनी भरलेली असेल तर ते कुठेही जाऊ शकत नाही, आणि नॉबवर दिलेला सारा जोर बिजागरीच्या कानांवर येतो. बंद पेशींचा स्पंज रबर असे करत नाही. त्याच्या आतल्या हवेच्या पेशी दाबल्या जातात आणि तो खाचेतल्या खाचेत बसतो. तांडेलाने लावलेल्या फोमच्या पेशी उघड्या होत्या, म्हणून तो दाबला तर गेला पण पाणी पिऊन.

आम्ही ईपीडीएम या रबराचा १० बाय १० मिलिमीटरचा बंद पेशींचा पट्टा घेतला. ईपीडीएम ऊन आणि ओझोन चांगले सोसते. नायट्राइल रबर तेल सोसते पण उन्हात तडकते, आणि खिडकीला तेलापेक्षा ऊन जास्त लागते. खाचेबाहेर ३ मिलिमीटर रबर राहिले आणि झडप लावल्यावर त्यातले अडीच मिलिमीटर दाबले जात होते, म्हणजे एकूण उंचीचा चतुर्थांश.

खाचेची पूर्ण लांबी १०४० मिलिमीटर भरली. पट्टा १०५० मिलिमीटरचा कापला. नवखा माणूस नेमका इथे चुकतो. पट्टा ताणून बसवणे सोपे जाते, सुरकुती पडत नाही, दिसायला छान दिसते. पण ताणलेले रबर महिन्याभरात आखडते आणि सांध्यात फट पडते. म्हणून पट्टा थोडा जास्त घ्यायचा, आधी वरच्या मध्यावर दोन्ही टोके आणि खालच्या मध्यावर घडी बसवायची, आणि मग उरलेला भाग दोन्हीकडून मध्याकडे ढकलत खाचेत भरायचा. कोपऱ्यात तर बोटाने मागून लोटायचे, ओढायचे नाही. टोके नव्या पात्याने, लाकडी साच्यात धरून काटकोनात कापली आणि सायनोॲक्रिलेट या झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडली. सांधा वरच्या बाजूस ठेवला, कारण पाणी साचून राहते ते खाली.

इथेच दुसरी चूक झाली, तीही माझ्या देखरेखीत. खाचेतला जुना चिकटा काढायला मी मदतनिसाला थिनर दिला आणि झडपेला लावू नकोस असे सांगायला विसरलो. त्याने चौकट पुसली आणि हाताबरोबर एक ॲक्रिलिकही पुसून काढले. दहा मिनिटांत उन्हात धरलेल्या त्या काचेवर स्क्रूच्या भोकांपासून केसासारख्या रेघांचे जाळे पसरलेले दिसले. ॲक्रिलिकमध्ये कापताना आणि भोके पाडताना ताण राहिलेला असतो. थिनर, ॲसिटोन, अगदी स्पिरिटनेही तो असा उघड होतो. त्याला साबणाचे पाणी एवढेच चालते. म्हापशातील एका साइनबोर्डच्या दुकानातून त्याच जाडीचे कास्ट ॲक्रिलिक कापून आणावे लागले. छोट्या बोटींच्या खिडक्यांची ताकद आणि जलरोधकता यांसाठी आयएसओ १२२१६ हे मानक आहे आणि जाडी हा त्यातला मुख्य मुद्दा आहे, म्हणून ८ मिलिमीटरचे स्वस्त पडत असूनही घेतले नाही. नवा तुकडा कडेने थोडा सैल ठेवला. ४०० मिलिमीटरचे ॲक्रिलिक ३५ अंशांच्या फरकाने जवळपास १ मिलिमीटर वाढते, आणि त्याच लांबीचे ॲल्युमिनियम त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढेच.

शेवटी पुन्हा खडू. सहाही खिडक्यांत रेघ अखंड उमटली. तडकलेला कान पितळी पट्टी लावून सांधला. नॉब बोटांनी जेवढे फिरतात तेवढेच फिरवायचे, हे तांडेलाने स्वतः बाकीच्या दोन खलाशांना समजावले.

निष्पत्ती

बोट झावळ्या आणि ताडपत्रीच्या मांडवाखाली पावसाळाभर राहिली. त्या काळात नॉब सैल ठेवले होते, जेणेकरून नवे रबर चार महिने दाबलेल्या अवस्थेत राहून चपटे होऊ नये. एका रात्री वाऱ्याने ताडपत्री उजव्या बाजूने फाटली आणि बोट सकाळपर्यंत भिजली. नॉब सैल असल्याने झडपांतून थोडे पाणी आले, पण दुरुस्त केलेल्या दोन्ही चौकटींभोवतीची पावडर कोरडी होती.

ऑक्टोबरमध्ये बोट पाण्यात गेली आणि पहिल्याच आठवड्यात उशिराच्या पावसाने डावीकडच्या पुढच्या खिडकीखाली ओल धरली. ही त्या चार कोरड्या चौकटींपैकी एक. मे महिन्यात तिने परीक्षा पार केली होती, मग आता काय बदलले? बदलला होता बोटीचा कल. यार्डात बोट ठोकळ्यांवर अगदी सपाट उभी होती. पाण्यात, नांगराची साखळी आणि पुढची पाण्याची टाकी भरलेली असताना ती पुढच्या बाजूने साधारण दीड अंश खाली झुकते. दीड अंश म्हणजे ४०० मिलिमीटर लांबीच्या चौकटीत दोन टोकांमध्ये १० मिलिमीटरचा फरक. चौकटीच्या ओठावरचे पाणी पुढच्या खाचेतून वाहून जायला हवे होते, पण ती खाच मालकाने आदल्या वर्षी ओढलेल्या सिलिकॉनने बुजलेली होती. यार्डात पाणी मागच्या खाचेतून निघून जात होते. नदीत ते पुढच्या कोपऱ्यात साचून खालच्या स्क्रूवाटे आत जात होते. ते सिलिकॉन मी मे महिन्यात पाहिले होते आणि दिसायला बरे नसले तरी नडत नाही म्हणून तसेच ठेवले होते.

ब्युटाइल टेपला सुकण्याचा वेळ लागत नसल्याने ती चौकट बोट पाण्यात असतानाच एका दिवसात काढून पुन्हा बसवली आणि पुढचे दोन दिवस थोडी थोडी आवळली. सुदैवाने गाभा एकाच स्क्रूभोवती ओला होता. बाकीच्या तीन चौकटींच्या खाचांतले सिलिकॉन प्लास्टिकच्या पात्याने खरवडून काढले आणि बोट पाण्यात, टाक्या भरलेल्या असताना, नळीची परीक्षा पुन्हा केली. त्यानंतरच्या संपूर्ण हंगामात, आग्वादच्या लाटांत आणि पुढच्या मे महिन्यातल्या वळिवातही, एकही गादी ओली झाली नाही.

काय वेगळे करता आले असते

मालकाच्या बाजूने पाहिले तर पहिल्याच हंगामात सिलिकॉन ओढण्याऐवजी एक स्क्रू काढून भोकात पाहिले असते तर गाभ्याचे काम निम्मे झाले असते. तेव्हा ओल कडेपुरतीच असावी. पुढच्या खिडकीखालचा मोठा भाग त्यानंतर कुजला असे मला वाटते, कारण बाहेरून तोंड बंद झाल्यावर आतले पाणी वाळायला वाट राहिली नव्हती.

माझ्या बाजूने, नळीची परीक्षा सपाट उभ्या बोटीवर करून मी चार चौकटींना कोरडे ठरवले. किमान पुढच्या ठोकळ्यातून एक फळी काढून बोटीला तिचा नदीतला कल देता आला असता. अर्ध्या तासाचे काम होते. सहाही चौकटी काढायला हव्या होत्या का, यावर माझे मत आजही तेच आहे: नाही. पण त्यांच्या निचऱ्याच्या खाचा मोकळ्या करणे हे रबर बदलण्याच्या कामाचाच भाग धरायला हवे होते, आणि यापुढे मी ते तसेच धरतो. थिनरच्या बाबतीत, आता यार्डात ॲक्रिलिकच्या कामाला साबणाच्या पाण्याची बादली वेगळी ठेवली जाते आणि थिनरचा डबा त्या दिवशी कपाटात कुलूपबंद असतो.

एका गोष्टीवर मालक आणि मी अजूनही सहमत नाही. त्यांच्या मते नॉब पावसाळ्यात आवळूनच ठेवायला हवे होते, म्हणजे ताडपत्री फाटली तरी पाणी आले नसते. मला रबराचे आयुष्य महत्त्वाचे वाटते. मध्यंतरी आम्ही खाचेबाहेरच्या रबराची उंची मोजली: बसवताना ३ मिलिमीटर होती, एका वर्षाने कुठे २.८ तर कुठे २.६. या वर्षी तीन खिडक्यांचे नॉब सैल आणि तीन आवळून ठेवले आहेत, वर दुहेरी ताडपत्री आहे, आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा मापे घ्यायची आहेत. त्याच पट्ट्याचा उरलेला तीन मीटरचा तुकडा, सायनोॲक्रिलेटची बाटली आणि खडूचा डबा बोटीतच, इंजिनापासून लांब, बाकाखालच्या कपाटात ठेवला आहे. त्यावर तांडेलाने स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली आहे: "खिडकी. ओढू नये, ढकलावे."